भोंगा वाजला तर चढावर

कोंडवाडी, ता. मुळशी
१९ जून २०२५

अनुष्के,

आशीर्वाद हायेतच, ते दर खेपेला लिवून शाई घालवत न्हाई. फोन का करत न्हाईस म्हणून तुज्या आईनं निरोप धाडला. फोन करायचा तर मला पाण्याच्या टाकीवर चढाया लागतं. वाडीत रेंज तेवढ्याच जागी हाय. ह्या वयात टाकीवर चढून "हॅलो हॅलो" कराया मी काय माकड हाय का? चिठ्ठी धाकलूच्या दुधाच्या टेम्पोतनं धाडली हाय. तो मारुंजीला तुज्या सोसायटीच्या दारात दूध टाकतोच. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुज्या कंपनीची माणसं आली व्हती. शाळेच्या पत्र्यावर चार कर्णे बसिवले. धोतऱ्याच्या फुलागत दिसत्यात. पत्र्यावर एक तबकडी आन आत भिंतीला एक पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. खाली पाटी: "आपत्कालीन जनसूचना प्रणाली." मी चौथी शिकलेली बाई, मला वाचाया येळ लागला. पर मोठ्या बाई, त्या रजनीबाई, त्यांची पन जीभ अडखळली. एवढं नाव वाचेस्तवर डोंगर खाली यील.

डोंगर म्हनले ते उगं न्हाई. शाळेच्या मागचा माळ विठ्ठलरावानं बंगलेवाल्यांना इकला. त्यांनी जेसीबी लावून रस्त्याला डोंगर उभा कापला, शेजारनीनं केक कापावा तसा. कापल्या जागी आता चीर पडलीया, माजा हात जातोय आत. आन ह्या धोतऱ्याच्या फुलांची फीत कोन कापनार? तर विठ्ठलराव. शाळा समितीचा अध्यक्ष हाय ना त्यो. कापायची लई हौस.

मला तुज्या कंपनीचं कवतिक न्हाई. तुज्या मामाची दिशा तिसरीत हाय, आन तिसरीचा वर्ग त्या चिरीच्या बरोब्बर खाली हाय. म्हणून इचारते. लाईट गेल्यावर ती पेटी काय करती? आन दरड आली तर ह्या पोरांस्नी भाईर कोन काढनार?

चंद्राबाई

•

मारुंजी
२५ जून २०२५

प्रिय आजी,

धाकलूमामांनी चिठ्ठी दिली, दुधाच्या पिशवीचा वास होता तिला. ती पाटी मी लिहिलेली नाही, पण ती यंत्रणा नीट चालते का हे बघायचं काम माझंच आहे. मी तपासते आणि मी सही करते, मग शाळेला प्रमाणपत्र मिळतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लाईट गेली तरी पेटीला बॅटरी जोडलेली आहे, दोन दिवस चालते. पत्र्यावरच्या तबकडीमुळे शाळेला इंटरनेट आहे, गावात रेंज नसली तरी. रजनी मॅडमनी लाल बटण दाबलं की एकाच वेळी सगळ्या पालकांच्या फोनवर मेसेज जातो आणि चारही कर्ण्यांवर सायरन वाजतो. मुलांनी वर्गातून निघून खालच्या मैदानात जमायचं. मैदान नदीकडे आहे, डोंगरापासून सगळ्यात लांब.

आणि आनंदाची बातमी. काल सराव झाला तो मी इथून स्क्रीनवर पाहिला. सायरन वाजला आणि दोन मिनिटांच्या आत सगळे वर्ग रिकामे! पुण्यातल्या मोठ्या शाळांनाही हे जमलेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ही आमची पहिली खेड्यातली शाळा. इथे जमलं की तालुक्यातल्या बाकीच्या शाळांचं कामही आम्हालाच मिळेल. महिनाअखेर मी सही करणार आहे.

दिशाची काळजी करू नकोस. आणि आजी, एकदा तरी "बरं केलंस पोरी" म्हण ना.

तुझी
अनुष्का

•

कोंडवाडी
२७ जून २०२५

अनुष्के,

वर्ग रिकामे दिसले म्हनून नाचलीस व्हय? रिकामी खोली तर गाढवाला पन दिसती. पोरं गेली कुटं, हे बघितलंस का?

मी सांगते. मी तवा शाळेच्या कुंपणाला शेळी चारत व्हते.

भोंगा झाला. आन समदी पोरं वर्गातनं निघाली ती सुसाट डोंगराकडं. मैदानात एक न्हाई गेलं. चढावर! त्या चिरीच्या वर जाऊन उभी ऱ्हायली, बाजाराला आल्यागत. रजनीबाई खाली मैदानात हात हालवत ओरडत व्हत्या, "अरे खाली या! मैदानात या!" तर वरनं पोरं बोंबलत्यात, "बाई, तुमी वर या! पानी येतंय!"

अगं शहाने, आमच्याकडं भोंगा म्हंजी पानी. धरनाचं पानी सोडायच्या आदी भोंगा वाजतो, आन भोंगा वाजला की नदी सोडून चढावर पळायचं. लगीन हून ह्या वाडीत आले तवा सासूनं मला पयली गोष्ट ही शिकिवली, भाकरीच्या आदी. दिशाला म्या शिकिवली. पाळण्यातल्या पोराला बी ठावं हाय. तुज्या कंपनीनं जगातले समदे आवाज सोडून त्योच आवाज कर्ण्यात घातला. आन आमच्या पोरांस्नी मागनं दरड येनार म्हनून नेमकं दरडीवर चढिवलं.

विठ्ठलरावाचं ऐक. फीत आन कात्री हातात, गळ्यात हार. भोंगा झाल्याबरूबर गडी पोरांच्या फुडं पळाला. एक चप्पल ओढ्यात, धोतराचा सोगा तोंडात. कात्री तेवढी सोडली न्हाई. दिशानं त्याला वर वडून घेतलं, "अध्यक्ष आजोबा, हितं या, हितं पानी लागत न्हाई." मग तितंच चिरीवर उभं ऱ्हाऊन त्यानं भाषन केलं, "सराव यशस्वी झाला." पोरांनी टाळ्या वाजिवल्या. मास्तरांनी वाजिवल्या. शेळीनं तेवढ्या वाजिवल्या न्हाईत.

तू त्या कागदावर सही केलीस तर मला कळवू नगंस. आन "बरं केलंस" म्हनाया लावू नगंस. खोटं बोलाया मी काय अध्यक्ष हाय का?

चंद्राबाई

•

मारुंजी
३० जून २०२५

आजी,

तुझी चिठ्ठी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचली. आम्ही कॅमेरे फक्त वर्गांत लावले होते. बाहेर एकही नाही. मुलं कुठे गेली हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. मला लाज वाटली.

सही केलेली नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मुलांना शिकवा. तीन-चार सराव घ्या, विसरतील जुनं." शिवाय सायरनच्या आधी सूचना ऐकवायची: "विद्यार्थी मित्रांनो, कृपया मैदानात एकत्र यावे." तेवढं केलं की पुढच्या आठवड्यात सही, असं ठरलंय.

आजी, मला मान्य आहे की चूक झाली. पण मुलं लहान आहेत, शिकतील ना? भोंगा वाजला तर चढावर नाही, मैदानात. तू दिशाला समजावून सांगशील का? तुझं ती ऐकते. दिशा ऐकेल तर बाकीची तिच्या मागे जातील.

सही टाळली तर मला या कामावरून काढतील. घाबरवत नाही तुला, फक्त सांगते.

अनुष्का

•

कोंडवाडी
३ जुलै २०२५

अनुष्के,

तुला शाळेत घातली, कालेजात घातली, आन तुजं डोकं कुटं ठिवलंस?

मैदान कुटं हाय? नदीला लागून. पावसाळ्यात धरनाचं पानी सुटलं की पयलं कुटं शिरतं? मैदानात. आता मी दिशाला शिकिवलं, "भोंगा वाजला की मैदानात जा." उद्या खरंच धरनाचा भोंगा झाला तर माजी नात कुटं जाईल? सांग, कुटं जाईल? हसत-हसत नदीत. तुजा साहेब म्हनतो जुनं विसरतील. त्याला म्हनावं, तुजं पोर हितं आनून बसव, मग विसरायचं शिकीव. एका भोंग्याला दोन अर्थ लावलेस तर अर्धी पोरं गाडली जातील, अर्धी बुडतील, आन तुज्या पडद्यावर वर्ग तेवढे रिकामे दिसतील.

आन "विद्यार्थी मित्रांनो, कृपया." कृपया! दरड येताना कृपया. आमच्या पोरांस्नी घरात कोन कृपया म्हनत न्हाई. त्यांना वाटंल रेडिओ लागला. बसतील गानं ऐकत.

हितल्या पोरांस्नी दोनच आवाज कळत्यात. भोंगा झाला की चढावर, आन लांब घंटा झाली की घरला. शाळा सुटायचा लोखंडी रूळ रजनीबाईंनी बडवाया घेतला की दुसरा टोला पडायच्या आदी पोरगं फाटकाभाईर असतं. बाकी तुमी मास्तर आन कंपन्या मिळून काय शिकिवता त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात ऱ्हात न्हाई.

सही करायची ना? तर हितं यून कर. पाऊस पडत असताना, तिसरीच्या वर्गात, चिरीकडं पाठ करून बसून कर. मग मी म्हनीन, व्हय, माज्या नातीला अक्कल हाय.

कामावरनं काढतील म्हनून रडतीस. काढू दे. भाताची लावनी चालू हाय, मानसं कमी पडत्यात.

चंद्राबाई

•

मारुंजी
९ जुलै २०२५

आजी,

परवा मी कोंडवाडीला येऊन गेले. तू लावणीला खालच्या खाचरात होतीस. मला चारपर्यंत परत निघायचं होतं म्हणून खाली आले नाही. रागावू नकोस.

तू जे शिवी म्हणून लिहिलंस ना, तेच मी केलं. "लांब घंटा झाली की घरला." मी ते वाक्य चार वेळा वाचलं. शाळेतली सगळी मुलं सगळ्यात वेगाने, न सांगता, न ढकलता, रोज कधी बाहेर पडतात? शाळा सुटताना. आणि कुठे जातात? फाटकातून रस्त्यावर आणि रस्त्याने वाडीकडे. डोंगरापासून लांब आणि नदीच्याही वर. त्याचा सराव त्यांनी पहिलीपासून रोज केलाय.

म्हणून सायरन काढून टाकला. रजनी मॅडमना तो रूळ बडवायला लावला आणि आवाज भरून घेतला. त्या म्हणाल्या, "एवढं जोरात मी कधी वाजवत नाही हो." मी म्हटलं, आज वाजवा. आता लाल बटण दाबलं की चारही कर्ण्यांवर तीच लांब घंटा वाजते. दोन कर्णे शाळेकडे आणि दोन खाचरांकडे वळवले, कारण तुमच्या फोनना रेंज नाही हे मेसेज पाठवणाऱ्या यंत्राला कळत नाही. भलत्या वेळी घंटा ऐकू आली तर आया धावत येतील, एवढं मला कळतं. बॅटरी जमिनीवर ठेवली होती, बरोबर गळक्या पत्र्याखाली. ती वर फळीवर घेतली.

मग खाचरांकडचे दोन कर्णे तेवढ्यापुरते बंद ठेवून बटण दाबलं. मी तिसरीच्या वर्गात बसले होते, चिरीकडे पाठ करून. दिशा माझ्या अंगावरून गेली, मला ओळखलंसुद्धा नाही. सगळी रस्त्यावर! एकही डोंगराकडे नाही.

साहेब भडकले आहेत. म्हणाले, "घंटाच वाजवायची होती तर त्यांना आपली गरज काय?" मी सही केली, पण वर लिहून दिलं की सायरन इथे धोक्याचा आहे आणि तो पुन्हा बसवू नये. बाकीच्या शाळांच्या कामातून माझं नाव काढलंय.

अनुष्का

•

कोंडवाडी
१२ जुलै २०२५

अनुष्के,

वाडीत येऊन आजीला न भेटता गेलीस. चिखलाला भ्यालीस. बूट पांढरे व्हते म्हन, दिशा सांगत व्हती. म्हंजी ओळखलं व्हतं तिनं, पर शाळा सुटल्यावर कोन थांबतंय पावन्यासाठी?

घंटेचं मोठं शहाणपन केलंस असं वाटत आसंल तर ऐक. पोरं रस्त्यावर आली, फुडं? एक आजीकडं, एक मामाकडं, दोघं आंब्याखाली. मागं कोन ऱ्हायलं हे मोजनार कसं? मी रजनीबाईंना सांगितलं, बटन दाबा आन तुमी फाटकात उभ्या ऱ्हावा, एकेकाचं नाव घ्या. त्या म्हनल्या, "आजी, माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मी म्हनलं, तुमच्या लक्षात काय येतं ते लिवून ठिवा, तेवढ्याला पाटी पुरंल.

चीर वाढलीया. आता हात न्हाई, कोपर जातंय. विठ्ठलरावाला दाखिवली तर म्हनतो, "आजे, बघनाऱ्याच्या डोळ्यात चीर असते." मी म्हनलं, तुज्या डोळ्यात तर जेसीबी हाय.

पाऊस थांबत न्हाई. लाईट येतीया जातीया.

चंद्राबाई

•

मारुंजी
४ ऑगस्ट २०२५

आजी,

बातम्यांत मुळशीत शाळेवर दरड एवढंच दाखवतायत. कोणती शाळा ते सांगत नाहीत. तुमच्याकडे कोणाचाच फोन लागत नाही. धाकलूमामांचा टेम्पो दोन दिवस आला नाही, आज आला तर चालवायला दुसऱ्याच गावचा ड्रायव्हर, त्याला काही माहीत नाही. माझ्या स्क्रीनवर एवढंच दिसतंय की बटण दाबलं गेलं आणि मग शाळेचा संपर्क तुटला.

दिशा कुठे आहे? एका शब्दात लिही. शिव्या नंतर दे.

अनुष्का

•

कोंडवाडी
६ ऑगस्ट २०२५

अनुष्के,

घरात हाय. जेवतीया.

आता बाकीचं. लाईट आदल्या दिवसापास्नं नव्हती. आमी खाचरात व्हतो, हातात रोपांची जुडी. प्रार्थना हून थोडा येळ झाला आसंल, आन लांब घंटा. मी कंबर सरळ केली. शेजारची बाळाबाई म्हनली, "आज लवकर सोडली गं." मग तिला बी उमगलं, ही सुटायची येळच न्हाई. समद्या बाया जुड्या टाकून पळाल्या. तुजी मामी बांधावर दोनदा पडली. मी पडले न्हाई. मी पडत न्हाई.

वर बघितलं तर पोरं फाटकातनं उतारानं येत व्हती, नाचत. दप्तरं उडवत, "सुटली, सुटली!" ओरडत. आन त्यांच्या मागं डोंगर उतरत व्हता. आवाज न्हाई आला आदी. झाडं उभीच्या उभी खाली आली, चालत आल्यागत. मग आवाज आला. एकानं सुदीक मागं वळून बघितलं न्हाई. शाळा सुटल्यावर मागं कोन बघतंय?

तिसरीचा वर्ग गेला. मागची भिंत, फळा, बाकं, समदं. रजनीबाईंनी लाल बटन दाबलं ते खोली हालली तवा. मग फाटकात उभ्या ऱ्हाऊन नावं घेत व्हत्या, एका हातानं कपाळाचं रगत पुसत. समदी निघाली. एकूण एक.

दिशा माज्याजवळ आली ती तोंड फुगवून. "आज्जे, खिचडी झाली न्हवती आन सोडलं!" मी तिला पाठीत एक धपाटा घातला. का घातला ते मला ठावं न्हाई. मग ती रडली, मग तिनं मागं बघितलं.

तुज्या मेसेजचं ऐक. तिसऱ्या दिशी तुजा मामा टाकीवर चढला, तवा फोनवर आला. "शाळेत आपत्कालीन स्थिती. त्वरित संपर्क साधा." तवर आमी चहा पीत व्हतो. त्यानं मेसेज वाचून दाखिवला आन लई दिवसांनी समदी वाडी हसली. त्या हसण्याचे तेवढे तुज्या कंपनीचे आभार.

विठ्ठलराव आला व्हता, संगं पेपरवाला. म्हनतो, "ही यंत्रणा मीच आणली." मी पेपरवाल्याला म्हनलं, डोंगर बी त्यांनीच आणला, दोन्ही लिवा. त्यानं एकच लिवलं.

तुजा साहेब बी येऊन गेला. फोटू काढला, कर्ण्याखाली उभं ऱ्हाऊन. तुजं नाव घेतलं न्हाई. मी इचारलं, "घंटेची कल्पना कुनाची?" तर म्हनला, "आमच्या टीमची." मी म्हनलं, माजी नात मारुंजीत ऱ्हाती, तिला टीम म्हनत्यात हे ठावं न्हवतं.

आता कामाचं बोल.

शाळा समाजमंदिरात भरतीया. एक कर्णा तुटला, तीन तितं लावले. काल संध्याकाळी रजनीबाईंनी शाळा सोडाया रूळ बडवला, रोजच्यासारका. एक बी पोरगं उठलं न्हाई. समदी बसल्या जागी डोंगराकडं बघत. पयलीतली दोघं भिताडाला चिकटली. रजनीबाई म्हनल्या, "अरे सुटली शाळा, जा." तर दिशा इचारती, "बाई, ही कंची घंटा?"

बाईंनी त्या दोघांस्नी जवळ घेतलं. मी दारातनं ऐकत व्हते.

आज त्यांनी रूळ बडवलाच न्हाई. एकेकाला हाताला धरून दाराभाईर न्हेलं. मला वाटलं व्हतं मला काय तरी सुचंल. रातभर इचार केला. थाळी, शिट्टी, गानं, काय बी म्हनलं तरी पोरं इचारनार, कंची. सुटीचा आवाज आमी वापरून टाकला.

तर तू ये. ह्या खेपेला पांढरे बूट घालून ये न्हाईतर अनवानी ये, पर मला भेटून जा. पोरांजवळ बस आन त्यांनाच इचार, शाळा सुटली हे कसं सांगायचं. मी इचारलं तर ती माज्या हातातल्या काठीकडं बघत्यात.

चंद्राबाई